नदी ओलांडेपर्यंत

पंतप्रधानांनी टेबलावरच्या वाळूच्या नकाशावर वाकून नदीला बोट लावलं. परदेशातलं ते खोरं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण युद्ध सुरू झाल्यापासून दर आठवड्याला ते या टेबलाशी येत, आणि हल्ली ते निळं पाणी त्यांच्या झोपेतही वाहत असे.

"पाण्याचा आवाज कसा येतो हो, जनरल?"

जनरल मोहोळकर आज पुन्हा सैन्य माघारी बोलवा म्हणून विनवायला आले होते. पण पंतप्रधानांनी संसदेत शब्द दिला होता, नदी ओलांडल्याशिवाय आपला एकही जवान परतणार नाही.

"आवाज येत नाही, साहेब. नदी कधीच आटली."

"मग ही?"

"खंडेनवमीला शस्त्रपूजा झाली की आमचे अधिकारी हिला नवा रंग देतात. तुम्हाला आवडते, म्हणून कुणी बोललं नाही. मीसुद्धा नाही."

पंतप्रधानांनी नदीवरून बोट उचललं. पंख्याच्या वाऱ्याने वाळू हळूहळू सरकत होती.

"आणि आपली पोरं?"

"रोज पात्रातून चालत पलीकडे जातात. विहीर तिकडे आहे ना! शत्रूची पोरं पोहरा ओढायला मदत करतात, आपली त्यांना तंबाखू देतात."

पंतप्रधान खुर्चीत बसले. नुकतं कुणी जागं केल्यासारखा त्यांचा आवाज आला.

"म्हणजे नदी ओलांडली. आपण जिंकलो का हो?"

"भाषणात तसं खुशाल सांगा, साहेब," जनरल म्हणाले. "फक्त पोरांना घरी येऊ द्या."