मशीनचा हार

बोअरचं पाणी लय जड, म्हणून आमच्या गोटीरामनं पाणी मऊ करायची मशीन सोताच बसवली. मशीन धुतल्यावर निघणारं पाणी त्यानं पाइप टाकून भिंतीपल्याड नवसाबाईच्या झेंडूत सोडलं.

"घे ताई, फुकट पाणी!"

तिनं तोंडभरून आशीर्वाद दिला.

ऐन दसऱ्याच्या तोंडावर तिचा झेंडू करपला. विकायला काय राह्यलंच नाय.

दसऱ्याच्या सकाळी मशीन धुवायला तिच्यात मिठाची गोणी ओतताना गोटीरामची नजर त्या पाइपावर गेली, अन् हात थांबला.

तेवढ्यात नवसाबाई दारात. हातात बारकासा हार.

"दादा, तू एवढं पाणी दिलं, पण माझ्याच हाताला गुण नाय बघ. चार झाडं वाचली, त्यांचा केलाय. मशीनला घाल."

गोटीरामला हात पुढं करवेना.