मापाचा दोरा

मंजुषाने इंटरनेटची वायर काढून टेबलावर ठेवली आणि पुण्याच्या रामप्रसाद सरांना फोनवर सांगितलं, "नेट काढलंय सर. आता सुरू करते."

कंपनीचा चाचणीचा क्लाउड, म्हणजे रोज नव्याने उभे करून संध्याकाळी मोडायचे बावीस आभासी सर्व्हर, तिच्या घाटनांदूरच्या घरातल्या एका दणकट कॉम्प्युटरवर चालायचा. त्यांना लागणारे प्रोग्राम दर वेळी इंटरनेटवरच्या कोठारातून उतरायचे, आणि गावातलं नेट नेमकं मध्येच दगा द्यायचं. सर कंटाळले होते. नेटशिवाय उभा करून दाखव, नाहीतर एक तारखेपासून पुण्याला ये, इतका सरळ मामला. मंजुषाला आईला सोडून जायचं नव्हतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तिने ते अख्खं कोठारच घरच्या डिस्कवर उतरवून ठेवलं होतं.

पाच सर्व्हर झपाझप उभे राहिले. सहाव्याला गाडी अडली. पडद्यावर लाल अक्षरं आली: मागितलेली आवृत्ती सापडत नाही.

दारात ज्वारी निवडत बसलेल्या तिच्या आईने, तुळजाबाईंनी, मान वर केली. "कावून थांबलं गं?"

मंजुषाने कपाळावर हात मारला. चूक तिचीच, आणि तीही अगदी बाळबोध. मूळ कोठारात तीन महिन्यांत कितीतरी प्रोग्राम बदलले होते, आणि सर्व्हर आता नवेच मागत होते. घरच्या डिस्कवर मात्र अजून दिवाळीच चालू होती. एकदा भरून ठेवलं की झालं, असं ती धरून चालली होती. आईला तिने हे सोपं करून सांगितलं.

तुळजाबाई हसायलाच लागल्या. "तुज्या फराकावानी झालं की मंग."

मंजुषालाही हसू आलं. ऊसतोडीला निघताना आई तिला चुलतीकडे ठेवून जायची. जायच्या दिवशी तिला उभं करून दोऱ्याने माप घ्यायची आणि तो दोरा कनवटीला खोचायची. सहा महिन्यांनी कारखाना बंद झाला की येताना त्याच मापाचा फ्रॉक घेऊन यायची. तो दर वर्षी आखूड व्हायचा. पाठीची बटणं लागायची नाहीत. पोर वाढते हे ध्यानात कसं राहत नाही, म्हणून चुलती आईला बोलायची. मंजुषा मात्र पाठ उघडी टाकून आठ दिवस तोच फ्रॉक मिरवायची. तेवढा आनंद तिला पुढे पहिल्या पगाराचाही झाला नाही.

तिने वायर पुन्हा जोडली. सरांना खरं काय ते सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत वेळ मागून घेतला. चार तास नवे प्रोग्राम उतरत राहिले. नशिबाने नेट टिकलं. पाचच्या सुमारास तिने वायर काढून परत सुरुवात केली, आणि बावीसच्या बावीस सर्व्हर उभे राहिले.

फोनवर ऐकून सर खूष झाले, पण कच्च्या गुरूचे चेले नव्हते. हे आज ठीक आहे, पण पुन्हा जुनं पडलं तर काय, असं त्यांनी विचारलं.

"नाही पडणार सर. आता रोज पहाटे घरचं कोठार आपणहून मूळ कोठाराला विचारेल, काय बदललं म्हणून. बदललेलं तेवढं उतरवून घेईल."

मग राहा घरीच, सर म्हणाले.

तिने फोन ठेवला. तुळजाबाई चहाचा कप हातात घेऊन मागेच उभ्या होत्या.

"रोज इचारतंय त्ये?"

"रोज."

"बरं हाय," तुळजाबाई म्हणाल्या. "आमाला कुठं रोज इचारता येत व्हतं."