वाटेच्या मधोमध

दरवर्षी चौथीच्या वर्गात मी बाकांच्या बैलगाड्या करते आणि अमेरिकेच्या पश्चिमेला वसायला निघालेल्या जुन्या काळच्या तांड्यासारखं मुलांना इथून, नेब्रास्काहून, पार ऑरेगनला नेते. खरे तांडे आमच्या शाळेच्या मैदानावरूनच जायचे, हे पोरांना तोंडपाठ आहे.

वाटेत कुणावर काय ओढवतं ते चिठ्ठ्या काढून ठरतं. यंदा हॅडलीच्या गाडीला चिठ्ठी निघाली: बाळ तापाने गेलं. तिने कापडी बाळ रुमालात गुंडाळलं आणि खिडकीतल्या कुंडीकडे निघाली.

"तिकडे नाही," मी म्हटलं. "वाटेच्या मधोमध पुरायचं. वर खूण ठेवायची नाही. मग सगळ्या गाड्या त्यावरून न्यायच्या. माती घट्ट बसते, लांडगे उकरत नाहीत."

"मग आईला जागा कशी सापडणार?"

"आई त्या वाटेने परत येतच नाही."

हॅडलीने रुमाल गाड्यांच्या वाटेत मधोमध ठेवला आणि तिथेच बसून राहिली.

"हॅडली, सरक ना!" तांड्याचा म्होरक्या कोल्टर ओरडला. "डोंगर ओलांडायच्या आत बर्फ पडला तर सगळेच मरू. खेळ आहे, रडतेस काय?"

"मग ने ना तुझी गाडी आधी!"

त्याने बाक जोरात ढकललं आणि रुमालापाशी येऊन थांबला. मागची सगळी बाकं थांबली.

"ढकल," मी म्हटलं.

त्याने डोळे घट्ट मिटून ढकललं.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. एरवी दारात रेटारेटी करणारी पोरं मैदानाच्या पायरीवरच उभी राहिली. सगळ्यात पुढे कोल्टर, बॉल पोटाशी धरून.

"बाई," तो हळूच म्हणाला, "पाय कुठे ठेवायचा?"