शेवटची सही

"ओळखत नाही म्हणतंय मला. आत घ्यायला तयार नाही," राय्को फोनवर म्हणाला.

"तुम्हाला नाही हो काका, ड्रायव्हरला," ब्रेदा म्हणाली. "परवा संगणकाची प्रणाली बदलली ना, तिला आमची जुनी डिजिटल सही चालत नाही. आणि चालणारी सही नसली की ती दारातूनच हाकलते. मग ड्रायव्हर कितीही चांगला असो."

"म्हणजे आमच्या टपाल-तार खात्यासारखंच की!"

राय्को तोल्मिन गावचा. जन्मापासून त्याला दिसत नव्हतं. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, लोकांच्या तारा जोडून देण्यात गेली. बायको गेल्यापासून तो एकटाच होता. क्रान्यमधल्या ब्रेदाच्या कंपनीने बनवलेली ब्रेलची पट्टी त्याने पूर्वी घेतली होती. पडद्यावरचा मजकूर त्या पट्टीवर ठिपके होऊन उठायचा आणि बोटांनी वाचता यायचा. ही पट्टी संगणकाशी जोडून देणारा छोटा प्रोग्राम म्हणजे तो ड्रायव्हर. प्रणाली बदलली की त्याचा फोन ठरलेला. कामाचं बोलणं पटकन उरकायचं. मग सोचा नदीचं पाणी, शेजारणीचा खाष्ट कोंबडा, ब्रेदाची सर्दी.

आता कंपनी मिटली होती. खोकी भरायला ब्रेदा तेवढी मागे उरली होती. तिची मुलगी दूर ग्राझला असायची, कामात गढलेली. घरचा फोन वाजलाच तर चुकून लागलेला.

"आज उभ्याने बोलताय," राय्को म्हणाला. "खुर्ची कुठे गेली?"

"सामानाबरोबर नेली. काका, नीट ऐका. सहीची किल्ली या आठवड्यात बाद होते. तेव्हा ही शेवटचीच सही. मी ही नव्या पद्धतीची करते, ती कायम चालेल. तुम्हाला पुन्हा फोन करावा लागणार नाही."



"बरं झालं," राय्को म्हणाला. "तुमची एक कटकट गेली."

"कटकट कसली त्यात!"

फोन ठेवून तिने पेनड्राइव्हसारखी ती किल्ली संगणकाला लावली. गुप्त आकडा विचारणारी चौकट उघडली. ब्रेदा तिच्याकडे बघत राहिली. बाहेर छपरांवरचा बर्फ वितळून ठिबकत होता. मग तिने ड्रायव्हर मेलला जोडला, पाठवला आणि राय्कोला फोन लावला.

"पाठवलाय. बसवून बघा. काही अडलं तर लगेच सांगा. संकोच करू नका, कितीदाही सांगा."

फोन शेजारी ठेवून ती खोकी भरायला लागली. कॉफी गार झाली. फोनवर नाहीच जमलं तर आपण येऊनच बघू, असं म्हणावं का? तिने ते वाक्य एकदा मोठ्याने म्हणूनही पाहिलं.

फोन वाजताच तिने उचलला.

"बसला!" राय्को म्हणाला. "एका फटक्यात. सगळे ठिपके लख्ख उठलेत. हे बघा, तुमचीच मेल वाचतोय बोटांनी."

ब्रेदा हळूच एका खोक्यावर टेकली.

"अहो, आहात ना?"

"आहे. काका, पुन्हा एकदा नीट बघता का? कुठे काही अडत नाही ना?"

"छे हो! लोण्यासारखं चालतंय. तुम्ही निश्चिंतपणे कुलूप लावा आणि घरी जा. माझ्यापायी तिथे ताटकळू नका."

"काका, मी रविवारी तोल्मिनला आले तर?"

"कशाला? चालतंय म्हटलं ना."

"असंच."

या वेळी त्याचा तो नेहमीचा एक्स्चेंजमधला खणखणीत आवाज पार उतरला होता.

"अक्रोड भरलेली गोड पोतित्सा खाता ना तुम्ही?"

"खाते की."

"मग या. शेजारणीला करायला सांगतो."

ब्रेदाने फोन ठेवला आणि तळहातांनी डोळे पुसले. राय्कोचा पुन्हा फोन यावा म्हणून तिने त्या ड्रायव्हरवर सहीच केली नव्हती; तो बसणं शक्यच नव्हतं.