पाणी प्यायलेले उंदीर

“आत्या, डबीवर तुझंच नाव छापलंय, बघ!” भाच्याने आपल्या कंपनीचं मधुमेहावरचं पाल्याचं चूर्ण कौतुकाने पुढे केलं.

त्याच पाल्यावर मी तरुणपणी संशोधन केलं होतं. खलबत्त्यात रस काढताना आमचे हात आठवडाभर हिरवे राहायचे.

“उंदरांची साखर उतरली होती ना?”

“उतरली. नुसतं पाणी पाजलेल्या उंदरांचीही तेवढीच उतरली. मग पाणीच विकायचं की, पाला कशाला ओरबाडतोस?”

इतक्यात वहिनी भिंत धरत बाहेर आल्या. “वन्सं, तुमचं नाव वाचून मी इन्सुलिन सोडलं हो,” म्हणाल्या आणि खालीच बसल्या.

त्यांना सावरत मी भाच्याला विचारलं, “आईला चमचाभर चूर्ण चारतोस का?”

आमच्या भाचे-वैद्यराजांनी फोन केव्हाच कानाला लावला होता. “इन्सुलिन तयार ठेवा!” ते हॉस्पिटलवाल्यांवर ओरडत होते.