चौदा नंबरला बसवा

आवृत्ती १.०

गेमच्या नव्या अपडेटमध्ये चौदा नंबरला दमासाठी शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी गुण दिले होते. ते बघून त्याने कंट्रोलर सोफ्यावर आपटला.

"अठ्ठ्याऐंशी," तो बायकोला म्हणाला. "शेवटच्या सत्रात हा माणूस धापा टाकतो, आणि गेमवाल्यांच्या हिशेबी तो लोखंडाचा."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने पुढचा सदरा उचलला.

दिवसा तो सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचा. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, नोंदवायच्या आणि 'चालतंय तोवर चालू द्या' हे उत्तर ऐकून घ्यायचं. सव्वीस वर्षं हेच. संध्याकाळी तो 'राखीव' या नावाने ब्लॉग लिहायचा. व्हिडिओ गेम, सॉफ्टवेअर, व्यावसायिक बास्केटबॉल, ज्याने डोकं फिरेल ते. राखीव म्हणजे कोण, हे बायकोशिवाय कोणाला माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं चाळीसेक लोक वाचायचे. या मोसमात हजारो वाचू लागले, कारण तो एकच गोष्ट घोकत होता: चौदा नंबरला संघातून काढा. बाद फेरीच्या आत काढा.

गेममध्येही त्याने चौदाला बाकावर बसवलं. अपडेटने त्याला पुन्हा मैदानात आणलं. त्याने पुन्हा बसवलं. मग कंपनीला तक्रार लिहिली. तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, असं उत्तर एका सेकंदात आलं.

आवृत्ती १.१ (किरकोळ दुरुस्त्या)

उडी मारल्यावर खेळाडू कोणत्या पायावर उतरतो, हे मोजणारा छोटा प्रोग्रॅम त्याने स्वतः लिहिला होता. सामन्यांचे व्हिडिओ तो त्यातून काढायचा. मागच्या वर्षी चौदा नंबर दोन्ही पायांवर सारखाच उतरायचा. आता दहातल्या आठ वेळा उजव्यावर.

त्याने लिहिलं, 'डावा गुडघा'. कर्सर लुकलुकत राहिला. मग ते दोन्ही शब्द खोडून त्याने लिहिलं, 'कामचुकार'.

खाली प्रतिक्रियांचा पाऊस पडला. कोणी त्याला आधी स्वतःचं पोट घेऊन एक फेरी मारायला सांगितलं. कोणी त्याचं म्हणणं उचलून धरलं. 'शिट्टी' नावाच्या वाचकाने विचारलं, "राखीवराव, त्याने तुमचं काय घोडं मारलंय?"

बाकी सगळ्यांना त्याने आकड्यांसकट उत्तरं दिली. शिट्टीला दिलं नाही.

"आज पुन्हा त्याच्यावरच?" बायकोने विचारलं.

"मग कोणावर लिहू?"

"तोही वाचत असेल हो."

"वाचू दे."

"दुसरा काही मार्ग नाही?"

"सगळे करून झाले."

आवृत्ती १.२ (तातडीची)

चौदा नंबरचा गुडघा तपासा, अशी चार पत्रं त्याने राखीवच्या नावाने संघाच्या प्रशिक्षकाला पाठवली. चौथ्याला दोन ओळींचं उत्तर आलं. खेळाडू स्वतः म्हणतो की तो ठणठणीत आहे, आणि त्यावर संघाच्या डॉक्टरांनी सही केली आहे. आपण गेम खेळा, संघ आम्ही बघतो.

तो खोलीभर येरझाऱ्या घालत राहिला. ही काय तपासणी झाली? प्रोग्रॅमलाच विचारायचं, का रे, तुझ्यात काही चूक आहे का? तो नाही म्हणाला, की पास. बाद फेरी तीन आठवड्यांवर आली होती. तिथे एक दिवसाआड सामने, तेही पूर्ण वेळ.

मग त्याने 'ओझं' नावाचा लेख लिहिला. सोबत एक आलेख. चौदा नंबर मैदानात असला की संघ हरतो, तो बाहेर गेला की जिंकतो, हे शेंबड्या पोरालाही कळावं इतकं स्वच्छ. चौदा नंबरने एकहाती जिंकून दिलेले तीन सामने त्याने आलेखातून गाळले होते. ऑफिसात एखाद्या नवशिक्याने असा अहवाल दिला असता, तर त्याने त्याची बिनपाण्याने केली असती.

त्याने लेख टाकला.

दोन दिवसांत तो आलेख टीव्हीवर आला. समालोचक त्यावर काठी टेकवून बोलले. पुढच्या सामन्यात चौदा नंबरकडे बॉल आला, की प्रेक्षक एका सुरात ओरडत होते: बसव! बसव!

बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. भांडी घासून झालेली होती. तो टीव्हीसमोर बसून राहिला. आवाजही कमी केला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात त्याला दाढी करायची आठवण राहिली नाही. एका फॉर्ममध्ये तीस फेब्रुवारी ही तारीख चालून जात होती, तीही त्याच्या नजरेतून सुटली. सहकाऱ्याने दाखवल्यावर तो त्याच्यावरच खेकसला.

आवृत्ती १.३

गुरुवारी दुपारी, मीटिंग सुरू असताना, फोनवर बातमी आली. संघाने चौदा नंबरला करारातून मोकळं केलं होतं. कारण: खालावलेली कामगिरी. दुखापतीचा उल्लेख नव्हता. तो शब्द कुठे दिसतो का, हे त्याने बातमी दोनदा वाचून पाहिलं. नव्हता, म्हणजे दुसऱ्या संघाचं दार अजून उघडं होतं.

ब्लॉगवर शिट्टीने एवढंच लिहिलं होतं, "झालं समाधान?"

तो स्वच्छतागृहात गेला. बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिला. मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आला.

बायको आतल्या खोलीत पलंगावर धुतलेली चादर घालत होती. पाचच्या सुमारास बेल वाजली.

दार त्याने उघडलं. बाहेर चौदा नंबर उभा होता. बायकोने पुढे होऊन त्याच्या खांद्यावरची बॅग घेतली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो सोफ्यावर बसला. दोन्ही हातांनी डावा पाय उचलून त्याने टीपॉयवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"बाबा," तो म्हणाला, "तुमचं सगळं आयुष्य कॉम्प्युटरमध्ये गेलं. माझं एक काम करा. तो राखीव कोण आहे, तेवढं मला शोधून द्या."