नाव विचारणारा

भूपेशला येऊन दोन दिवस झाले, आणि या दोन दिवसांत आईपेक्षा त्याने कॉम्प्युटरशीच जास्त गोष्टी केल्या. ताटातली तांदळाची भाकरी वाळून कडक झाली, सुकटीवर माशी बसली, तरी बोटं आपली खटखट चालूच. सत्यवतीने दोनदा भांडी आदळून पाहिली. फुकट.

"हे झालं ना आई, की तू मला रोज बघशील. संध्याकाळच्या गाडीने मी गेलो तरी."

"तुला बघायला आता बटन दाबायचं. जन्माला घातला तवा नव्हतं लागलं."

कॉम्प्युटर तिच्या नवऱ्याचा. शत्रुघ्न जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून त्यावर तिने जुन्या लुगड्याचं झाकण शिवून घातलं होतं. भूपेशने आल्या आल्या ते उचललं, आतलं जुनं सगळं पुसलं, नवं भरलं. आता राहिला होता पहिला पडदा, मशीन लावली की येतो तो.

"याला मॅनेजर म्हणतात. हा दाराशी बसतो. नाव विचारतो, ओळख पटली तरच आत सोडतो. सगळा इंग्रजीत होता, तुझ्यासाठी मी मराठी केला."

"माझ्या घरात मला विचारनारा हा कोन?" म्हणत ती हात पुसत जवळ आली. "पयली यात नावं दिसायची. तुझं, तुझ्या बहिनीचं दिपिकाचं, तुझ्या बापाचं."

"काढली. घरात तू एकटीच. मग एवढी यादी कशाला?"



भूपेशने बटण दाबलं. पडदा उजळला. मधोमध एक रिकामी चौकट, आणि वर मोठ्या अक्षरांत: तुमचं नाव?

दारात अडवून नाव विचारणं सत्यवतीला एकाच दिवसाचं ठाऊक होतं. अंगाला हळद, पुढ्यात तांदळाचं माप आणि उंबऱ्यात आडव्या उभ्या दोन नणंदा. तिने पदर डोक्यावरून घेतला आणि पडद्याकडे बघून खणखणीत म्हटलं,

"चिंचोटीच्या डोंगरातून पानी येतं खाली,
शत्रुघ्नची सत्यवती दाराशी आली."

भूपेशला हसू आवरेना. "अगं, तुझं नाव टाकायचंय!"

"दारात माझं नाव कोनी विचारलंय कधी? घेतलं तेच टाक."

"पण आई..."

"टाक म्हनते ना."

त्याने बापाचं नाव टाकलं. शेवटचं जोडाक्षर दोनदा चुकलं, मग बसलं. मशीन जरा घुटमळली आणि चौकटीखाली लाल अक्षरं आली. चौथीपर्यंत शिकलेली सत्यवती बोट लावून वाचू लागली.

"ओ... ळख... प... टली..."

पुढचा शब्द तिने वाचला, पण मोठ्याने नाही.

"ते आपोआप येतं गं," भूपेश घाईघाईने म्हणाला. "मशीनला काय कळतंय?"

"त्याला नको बोलूस," सत्यवती म्हणाली. "तो नवा हाय, सांगितलं तेवढंच बोलनार. या घरात तुझ्या बापाला वलखनारी मी एकलीच उरली, हे त्याला तू शिकवलंस."